उपरण्याखालचा भाव

जुन्या बैलबाजाराच्या रीती सांगू लागले की तरुण मंडळी हसतात. परंतु ज्या घरची सारी शेती एका जोडीवर चाले, त्या घरास त्या रीती म्हणजे वर्षाच्या भाकरीचा प्रश्न होता.

आदिलाबाद व नांदेड हे दोन्ही जिल्हे 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. किनवट तालुका तर 1956 पर्यंत आदिलाबादेतच मोडे. या मुलखात नांदेडकडील माळेगावचा बाजार सर्वांत नावाजलेला. खंडोबाच्या यात्रेनिमित्त तो मार्गशीर्षात भरतो. लाल कंधारी व देवणी बैल, घोडे, गाढवे, उंट, सारे तेथे येत.

घेणारा प्रथम बैलाचे तोंड उघडून दात पाही. आदत, दुसा, चौसा, जुळलेला असा वयाचा हिशेब असे. आठ दात जुळले की पुढचे वय दातांच्या झिजेवरूनच ताडावे लागे, आणि नेमकी तेथेच फसगत होई. म्हणून शहाणा माणूस गाडीचे चाक दोरीने बांधून ती बैलाकडून ओढवून पाही. बसणारा बैल तेथे उघडा पडे.

मग सौदा. दलाल आपले उपरणे दोन्ही हातांवर टाकी आणि विकणाराची बोटे आतून दाबी. एक बोट म्हणजे एक, सारा पंजा म्हणजे पाच. दहा की शंभर ते तोंडाने सांगायचे. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी भाव दोघांसच ठाऊक. चारचौघांत कोणाची गरज उघडी पडू नये म्हणून ही रीत, असे तिचे समर्थन करीत. आम्हांस ते अर्धेच पटते. झाकल्या हाताने विकणारास एक आकडा व घेणारास दुसरा सांगून मधली रक्कम गिळणे दलालास सोपे जाई. गरिबाची लाज राखणारे वस्त्र लबाडीही राखीत असे.

त्यात नाण्यांचा घोळ. निजामाचा हाली रुपया वेगळा, इंग्रजी कलदार वेगळा. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार. चांद्याकडचा व्यापारी आला की ‘हाली की कलदार?’ हे आधी विचारून घ्यावे लागे. बोटांनी साडेतीनशे ठरले आणि हाली मिळाले, तर हाती कलदार तीनशेच पडत. तेवढा फरक छोट्या शेतकऱ्यास जड जाई.

एकदा विसाराचा रुपया हातावर पडला की मात्र शब्द फिरवीत नसत. मागून जास्त भाव देणारा आला तरी बैल पहिल्याचाच. कागद नाही, साक्षीदार असलाच तर शेजारचा गाडीवान.

जनावर देताना पुष्कळ ठिकाणी दावे देत नसत; घेणाऱ्याने आपले नवे आणावयाचे. जुने सोडून विकणारा खांद्यावर टाकी आणि रिकाम्या गोठ्याकडे परते. घरची बाई ते खुंटीला अडकवून ठेवी, पुढच्या बैलासाठी.