नुसता मोठा आवाज पुरेसा नाही

कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांसाठी ज्याचा आवाज सर्वांत मोठा तोच फोन घ्यावा, असा सल्ला गेल्या अंकातील एका पत्रात आहे. सल्ल्यामागे कळकळ आहे, पण तो अपुरा आहे.

वयोमानाने ऐकू कमी येते, तेव्हा बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. 'स', 'श' ही व्यंजने त्याच पट्टीतली. त्यात साधी टेलिफोन लाइन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेते. म्हणून मुलीने फोनवर 'सात वाजता गोळी घे' म्हटले, की आईला 'आठ' ऐकू येते. आवाज चढवला तर 'आ' कानात घुमतो, 'स' मात्र पुसटच राहतो. शिवाय अशा अनेकांना मोठा आवाज लवकर असह्य होतो. त्यामुळे आवाजाबरोबरच उंच पट्टी वेगळी वाढवणारे टोनचे बटण हवे.

श्रवणयंत्र असेल तर प्रश्न आणखी वेगळा. रिसीव्हर कानाशी नेताच यंत्र अनेकदा शिट्टी मारू लागते. यंत्रातली टी-कॉइल रिसीव्हरच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट बोलणे पकडते, पण त्यासाठी फोन सुसंगत लागतो. अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने बहुतेक नव्या फोनांना ही सुसंगती सक्तीची केली.

खरेदीला जाताना ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) आणि ज्यांच्यासाठी फोन घ्यायचा ती व्यक्ती, दोन्ही सोबत असावीत. दुकानातूनच घरी फोन लावून पलीकडच्याला आकडे वाचायला सांगावेत आणि ऐकणाऱ्याने ते कागदावर उतरवावेत.

– एक वाचक