पोरीच्या दंडाकडे बघून निकाल देणाऱ्यांसाठी

इमान खलीफचा पॅरिस ऑलिंपिकमधला फोटो परत फिरायला लागलाय. खाली ओळ तीच, ‘पुरुषाने बाईला मारलं आणि जग टाळ्या वाजवतंय.’ आपल्या तालुक्याच्या ग्रुपवरही येऊन गेला, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे. आधी वाचा, मग शिव्या द्या.

माझं मत आधीच सांगतो, उगाच कुठल्या कंपूत ढकलायला नको. मुलगा म्हणून वयात आलेल्या ट्रान्स स्त्रीने वरच्या पातळीवर महिला गटात खेळू नये, हे मला पटतं. १०० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंद, बायकांचा १०.४९. हा फरक जिद्दीचा नाही, वयात येताना शरीरात जे घडतं त्याचा आहे. नंतर औषधांनी टेस्टोस्टेरॉन उतरवलं की हिमोग्लोबिन काही महिन्यांत खाली येतं, पण ताकद वर्षभरात थोडीशीच घटते. उंची आणि हाडं तर तशीच राहतात. जलतरणाने २०२२ साली, ॲथलेटिक्स आणि क्रिकेटने २०२३ साली याच कारणाने दार बंद केलं. महिला गट मुळात ह्याच फरकासाठी काढलाय, तो राखायलाच हवा. याला द्वेष म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण मंडळी, इमान खलीफ ट्रान्स नाही! जन्मली तेव्हा मुलगी म्हणून नोंद झाली, अल्जीरियात मुलगी म्हणूनच वाढली. तिच्या चाचण्यांवरून वाद आहे, तो वेगळा विषय आहे आणि त्याला वेगळे नियम आहेत. उघडपणे ट्रान्स असलेली स्त्री ऑलिंपिकच्या वैयक्तिक प्रकारात पहिल्यांदा उतरली ती टोकियोला, न्यूझीलंडची वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड. तिन्ही प्रयत्न फसले, बाद झाली. तिचा फोटो कुणी फिरवत नाही, कारण त्यात मसाला नाही.

ही सरमिसळ महागात पडते, आणि पडते ती आपल्याकडच्या गरीब घरातल्या पोरींना. शांती सौंदरराजन आठवते का? तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची लेक. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ८०० मीटरला रौप्य जिंकलं. मग ‘लिंग चाचणी’ झाली, बातमी फुटली, पदक काढून घेतलं. कुणाला फसवल्याचा पुरावा नव्हता, औषध घेतल्याचाही नाही. जन्मापासून जे शरीर मिळालं ते घेऊन पळाली, एवढाच गुन्हा. अख्ख्या देशाने टीव्हीवर तिच्या शरीराची चर्चा केली. तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. पुढे काही वर्षांनी ती वीटभट्टीवर काम करत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आपण दोन दिवस हळहळलो.

मग ओडिशाची द्युती चंद. विणकराची मुलगी. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेआधी तिला संघातून काढलं, शरीरात टेस्टोस्टेरॉन नैसर्गिकरीत्या जास्त म्हणून. पण या वेळी सरकार आणि क्रीडा प्राधिकरण पाठीशी उभं राहिलं. खटला स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात गेला. लवादाने २०१५ मध्ये विचारलं, ह्या टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती फायदा होतो ते दाखवा. ॲथलेटिक्स महासंघाला पुरेसं दाखवता आलं नाही, नियम स्थगित झाला. २०१८ च्या एशियाडमध्ये द्युतीने दोन रौप्यं आणली. (पुढे ती डोपिंगमध्ये सापडली, चार वर्षांची बंदी बसली. ते रास्तच, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. कमेंटमध्ये कुणीतरी आणणारच म्हणून आधीच लिहिलं.) शांती आणि द्युतीत फरक एवढाच की एकीला वकील मिळाला, दुसरीला नाही.

आता १ सप्टेंबर २०२५ पासून ॲथलेटिक्समध्ये जागतिक स्पर्धांच्या महिला गटात पळायचं तर एसआरवाय जनुकाची चाचणी सक्तीची झालीय. आयुष्यात एकदाच, गालातला नमुना किंवा रक्त. ऐकायला सोपं वाटतं. पण हे आधी करून झालंय हो! १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला ३३८७ महिला खेळाडू तपासल्या, ८ जणींमध्ये हे जनुक सापडलं, आणि आठही जणींना खेळू दिलं. कारण जनुक असतं, पण काहींच्या शरीराला टेस्टोस्टेरॉन लागूच पडत नाही, मग फायदा कसला? शेवटी ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये सरसकट चाचण्या थांबवल्या. हे जनुक शोधणारे शास्त्रज्ञ अँड्र्यू सिंक्लेअर स्वतः म्हणतात की या कामासाठी ही चाचणी चुकीची आहे. नव्या नियमात अशा मुलींना सूट आहे हे खरं, पण सूट मिळायची तर आणखी तपासण्या आल्या. दिल्ली-मुंबईतल्या अकादमीतली पोरगी ते निभावून नेईल. माणमधली, सुरगाण्यातली कुणाच्या तोंडाकडे बघणार?

आणि ज्या खरंच ट्रान्स आहेत त्यांच्याशी तरी आपण धड बोलतो का? माजी क्रिकेटपटू संजय बांगर यांची मुलगी अनया. तिने मँचेस्टरच्या विद्यापीठात स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या, आकडे मांडले, आयसीसी आणि बीसीसीआयला विचार करा म्हणाली. एका व्यक्तीच्या अहवालावरून नियम बदलावा असं मला वाटत नाही. पण आकड्यांना उत्तर आकड्यांनी द्यायचं असतं. आपल्या मराठी माणसांनी तिच्या फोटोखाली काय लिहिलंय ते जाऊन वाचा. लाज वाटते राव.

तेव्हा ‘महिला खेळ वाचवा’ म्हणणाऱ्या मित्रांनो, वाचवूया की. सुरुवात ॲथलेटिक्स फेडरेशनला पत्र लिहून करू. चाचणी करण्याआधी मुलीला तिच्या भाषेत समजावून सांगा, ती लहान असेल तर आईबापांनाही बसवा. निकाल आधी तिच्या हातात द्या, पत्रकाराच्या नाही. पुढच्या तपासण्यांचा आणि वकिलाचा खर्च कोण करणार ते लेखी द्या. आणि शांतीचं ते दोह्याचं रौप्य अजून परत दिलेलं नाही, त्याचं काय ठरवलंय तेही कळवा. मसुदा मी तयार करतोय, सही करणाऱ्यांनी खाली नाव लिहा.