शंख कोणी फोडला?

जमावाने कोणाचा बळी घेतल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत आणि लोकलच्या डब्यात एक वाक्य हटकून ऐकू येते : माणूस मुळातच दुष्ट आहे, सुधारणेचा मुलामा खरवडला की आत पशूच सापडायचा. बोलणाऱ्यास आपण काही सखोल सांगितले असे वाटते, ऐकणारा मान डोलावतो आणि चर्चा तेथेच संपते. इंग्रजी साहित्याशी ज्यांचा परिचय आहे ते या मताच्या पुष्ट्यर्थ विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीची साक्षही काढतात. ती १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८३ मध्ये गोल्डिंग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. साक्षीदार मातबर आहे यात शंका नाही. परंतु त्याची साक्ष आपण शेवटपर्यंत ऐकून घेतली आहे काय?

गोल्डिंग व्यवसायाने शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते. ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेच्या पाठलागात त्यांचा सहभाग होता आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील चढाईत अग्निबाण सोडणाऱ्या एका नौकेचे ते अधिपती होते. युद्धातून परतलेल्या या शिक्षकासमोर बॅलंटाइन यांची १८५७ सालची ‘द कोरल आयलंड’ ही लोकप्रिय कादंबरी होती. तीत निर्जन बेटावर अडकलेली इंग्रज मुले सचोटीने राहतात. क्रौर्य असते ते चाच्यांमध्ये आणि ‘रानटी’ बेटवासीयांमध्ये. गोल्डिंग यांनी हीच चौकट उचलली, दोन नायकांची राल्फ आणि जॅक ही नावेही कायम ठेवली आणि निष्कर्ष मात्र उलटा काढला. पाप बाहेरून येत नाही, ते आमच्या चांगल्या घरच्या मुलांबरोबरच बेटावर उतरते, असे त्यांनी आपल्याच देशबांधवांना सुनावले. महायुद्धातील विजयाने सुखावलेल्या समाजाला केलेले हे आत्मपरीक्षणाचे आवाहन होते. ही गोष्ट ध्यानात न घेता कादंबरी वाचली तर तिचा अर्थ पालटतो.

कथानक अनेकांस ठाऊक असेल. अणुयुद्धाच्या छायेत दूर नेली जाणारी मुले विमान पाडले गेल्यामुळे बेटावर अडकतात. ती सभा भरवतात. ज्याच्या हाती शंख त्याने बोलावे, असा नियम करतात. सुटकेसाठी धूर दिसावा म्हणून आगटी पेटती ठेवण्याचे ठरवतात. पुढे बेटावर एक श्वापद असल्याची भीती पसरते. हे ‘श्वापद’ म्हणजे प्रत्यक्षात हवाई छत्रीसह पडलेले एका सैनिकाचे प्रेत असते. हे सत्य सांगण्यासाठी रात्री धावत आलेल्या सायमनलाच श्वापद समजून मुले ठार मारतात. नंतर पिगी शिळेखाली मरतो आणि त्याच्या हातातील शंखाचे तुकडे होतात.

या घसरणीचे टप्पे नीट पाहिले तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, शिकारी टोळी बनते ती बेशिस्त पोरांची नव्हे. चर्चमधील गायकवृंदाची ही मुले काळे झगे घालून, रांगेत पावले टाकीत कादंबरीत प्रवेश करतात. बेटावर सर्वांत अधिक शिस्त त्यांच्यातच असते. उणीव असते ती म्होरक्याला प्रश्न विचारण्याच्या सवयीची. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सायमनला मारणाऱ्या वर्तुळात राल्फ आणि पिगी ही ‘चांगली’ मुलेही होती. दुसऱ्या दिवशी राल्फ त्या कृत्याला खून म्हणतो. पिगीला ते मान्य नसते. अंधार होता, वादळ होते, आम्ही घाबरलो होतो, तो अपघात होता, अशी तो समजूत घालू पाहतो. ‘माणूस मुळातच दुष्ट आहे’ हे आपले वाक्य या समजुतीच्याच जातीचे आहे. अंधाराच्या जागी आपण मनुष्यस्वभाव घातला, एवढाच फरक.

शास्त्रानेही हेच सिद्ध केले आहे, असे सांगितले जाते. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो यांनी विद्यार्थ्यांचे कैदी आणि पहारेकरी असे गट करून एक लुटुपुटूचा तुरुंग चालवला. पहारेकरी इतके निर्दय झाले की दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग अनेक वर्षे शिकवला गेला. तथापि, पहारेकऱ्याने कठोर व्हावे म्हणून प्रयोग चालवणाऱ्यांपैकीच एक जण त्याला कसे पढवीत होता, हे जुन्या ध्वनिमुद्रणांवरून २०१८ मध्ये उघड झाले. जे आपोआप उफाळून आले असे सांगितले गेले, त्याला वरून उत्तेजन होते.

उलट बाजूने टोंगाच्या मुलांची हकीकत पुढे केली जाते. १९६५ मध्ये पॅसिफिक महासागरातील टोंगा देशात वसतिगृहातील सहा मुले होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि ‘अता’ नावाच्या ओसाड बेटाला लागली. सुमारे पंधरा महिन्यांनी, १९६६ मध्ये, पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन नाविकाने त्यांना सोडवले तेव्हा सहाही जण धडधाकट होते. त्यांनी कामाच्या पाळ्या ठरवल्या होत्या, आगटी विझू दिली नव्हती. एकाचा पाय मोडला तर इतरांनी तो बांधून बरा केला. भांडण झालेच तर भांडणारे काही काळ दूर जाऊन बसत. रटगर ब्रेगमन या डच लेखकाने आपल्या पुस्तकात ही हकीकत जगापुढे आणली आणि माणूस मूलतः चांगला आहे, असा निष्कर्ष काढला. तोही घाईचाच म्हटला पाहिजे. सहा जिवलग मित्रांवरून मानवजातीची परीक्षा होत नाही. पण राग निवळण्याचा रिवाज घालून दिला तर राग निवळतो, एवढे त्यावरून निश्चित कळते.

मुळात हे बेट ओसाड का होते? १८६३ मध्ये एका जहाजाने तेथील सुमारे दीडशे माणसांना गुलामांच्या व्यापारासाठी पळवून नेले. उरलेल्यांना टोंगाच्या राजाने सुरक्षिततेसाठी दुसऱ्या बेटावर हलवले. त्या गावाचा घात केला तो हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्या व्यापाराने. ते कृत्य सुधारणा कोसळल्यामुळे घडले नाही. सुधारलेल्या जगाच्या व्यवहारातच ते बसत होते.

आपल्याकडे तर जन्मजात दुष्टतेचा एकेकाळी कायदाच होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. सोलापूरची तारेच्या कुंपणातील सेटलमेंट ही त्याच विचाराची खूण. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; भटक्या माणसाकडे संशयाने पाहण्याची दृष्टी मात्र रद्द झाली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे होती. अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती; कादंबरीतील श्वापदाप्रमाणेच ती कोणी पाहिली नव्हती आणि सर्वांना ठाऊक होती. ही मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, म्हणजे शंखाचा मान जेथे सर्वांत आधी राखला जावा त्या जागी.

अशा प्रसंगी ‘मनुष्यस्वभाव’ एवढेच उत्तर दिले तर पुढचे प्रश्न उरतच नाहीत. अफवा पसरत असताना ती खोटी आहे असे अधिकाराने सांगणारे कोणी का नव्हते? पोलीस वेळेवर का पोचू शकले नाहीत? भटक्यांना चोर मानण्याचा संस्कार कोणी जोपासला? सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात जमावाच्या हिंसेबाबत राज्यांना निर्देश दिले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जमावाकडून होणाऱ्या काही प्रकारच्या हत्यांसाठी स्वतंत्र तरतूदही आहे. हे आवश्यकच होते. पण कायदा बहुधा शंख फुटल्यानंतर येतो.

गोल्डिंग यांनी पाप स्वतःत आणि स्वकीयांत शोधले, म्हणून त्यांच्या निराशेला नैतिक वजन आहे. तेच मत आपण दुसऱ्या जमातीला लावले की त्याचा १८७१ चा कायदा होतो आणि स्वतःला लावून मोकळे झालो की पिगीची सबब होते. कादंबरीत पिगीवर शिळा लोटतो तो रॉजर. पण त्याआधीच, शंख फुंकला आणि कोणी आलेच नाही तर काय, या धास्तीने राल्फ तो फुंकायला कचरला होता. शंखाचा धाक त्या क्षणीच सरला होता. वर्गात, कचेरीत, गावच्या चावडीवर असे क्षण आपल्याही वाट्याला येतात. त्या वेळी आपण काय केले, याचे उत्तर मनुष्यस्वभावाकडे मागता येणार नाही.