घशाचा कर्करोग आणि पुरुषांचे मौन

अहिल्यानगर जिल्ह्यात तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगाचा विषय निघाला की बोट तंबाखूकडे जाते, आणि ते योग्यच आहे. नगर व संगमनेर येथे विडी वळण्याच्या धंद्यावर कष्टकऱ्यांच्या पिढ्या जगल्या. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, तरी टपरीवरचा मावा तरुणांच्या गालातून हटलेला नाही. आपल्याकडे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आजही तंबाखूच आहे. मात्र तंबाखूला कधी न शिवलेल्या पुरुषालाही घशाचा कर्करोग होऊ शकतो, ही गोष्ट गावागावांत अद्याप पोहोचलेली नाही.

एचपीव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हाच विषाणू, विशेषतः त्याचा सोळा क्रमांकाचा प्रकार, टॉन्सिल व जिभेचे मूळ येथेही कर्करोग घडवितो, आणि तो पुरुषांत अधिक आढळतो. अमेरिकेत तर या विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगाचे रुग्ण आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांहून अधिक आहेत. लैंगिक संबंधातून, मुखमैथुनातूनही, हा विषाणू पसरतो. तो इतका सर्रास आढळतो की संसर्ग झाला म्हणून कोणाच्या शीलावर शिंतोडे उडविण्याचे कारण नाही. बहुतेकांचे शरीर एकदोन वर्षांत त्याचा निकाल लावते. थोड्यांच्या शरीरात तो टिकून राहतो आणि कित्येक वर्षांनी रोगाच्या रूपाने प्रकट होतो.

येथेच खरी अडचण आहे. शेजारच्या बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे एक लाख तीस हजार स्त्रियांचा अभ्यास केला. या विषाणूची चाचणी एकदा जरी केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हे त्यातून २००९ साली सिद्ध झाले. घशासाठी अशी कोणतीही सर्वमान्य चाचणी उपलब्ध नाही. मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूचा घसा वा कान दुखणे, गिळताना त्रास होणे, यांपैकी काहीही तीन आठवड्यांहून अधिक टिकले तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखविणे, एवढाच मार्ग उरतो. वेळीच निदान झाल्यास विषाणूजन्य घशाचा कर्करोग उपचारांना चांगली दाद देतो. पण गाठ दुखत नाही म्हणून माणूस काम सोडून दवाखान्यात जात नाही. एका दिवसाची मजुरी बुडविणे त्याला परवडत नाही.

म्हणून प्रतिबंधाला महत्त्व आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ साली मान्यता मिळाली, ती नऊ ते सव्वीस वयाच्या मुली आणि मुलगे या दोघांसाठी. परंतु २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली ती नऊ ते चौदा वयाच्या मुलींपुरती. मुलींना अग्रक्रम देणे न्याय्यच आहे, कारण हा विषाणू सर्वाधिक बळी स्त्रियांचेच घेतो. ऑस्ट्रेलियानेही २००७ मध्ये मुलींपासून आरंभ केला. २०१३ मध्ये मात्र मुलग्यांनाही त्यात घेतले. आपल्याकडे ज्याच्या बापाची ऐपत आहे तो मुलगा खाजगी दवाखान्यात लस घेईल आणि ऊसतोडणी मजुराचा मुलगा तिचे नावही ऐकणार नाही, ही विषमता किती काळ चालू द्यायची? मुलग्यांचा समावेश कोणत्या टप्प्यावर होणार, हे शासनाने आजच जाहीर करावे.

या मागणीला जिल्ह्याच्या वास्तवाची जोड हवी. पाथर्डी-शेवगावची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा द्यायच्या असतील, तर शाळेत पहिली मात्रा मिळालेले मूल दुसरीच्या वेळी कुठल्या तरी फडात असेल. तेव्हा साखरशाळांत व कारखान्यांच्या तळांवर नोंदी पोहोचविण्याची व्यवस्था आधी झाली पाहिजे. अकोल्याच्या आदिवासी आश्रमशाळांबाबत दुसरी सावधगिरी हवी. त्या वेळच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात अशाच लशीच्या प्रकल्पात पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले, आणि २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला. लस उपयुक्त आहे म्हणून गरिबाला न विचारता टोचायची, हा लोकशाहीचा मार्ग नव्हे. संमती मागायची ती पालकांना त्यांच्या भाषेत सर्व समजावून सांगून.

समजावून सांगण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन गावे बदलून दाखविली. ज्या विषयावर बोलताना गावातील पुरुष माना खाली घालतो, तोच विषय त्या स्त्रियांनी चावडीवर आणला. आता पुरुषांची पाळी आहे. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत, तालमीत व ऊसतोड मजुरांच्या मेळाव्यांत तंबाखूबरोबरच या विषाणूविषयीही उघडपणे बोलावे. मुलीला लस देण्यास सांगणाऱ्या बापाने स्वतःच्या मानेवरची गाठ लपवू नये. आरोग्य हा हक्क आहे असे ठराव आपण अनेकदा केले. तो हक्क बजावण्याच्या आड पुरुषी संकोच येत असेल, तर त्याच्याशीही चळवळीने झगडले पाहिजे.