उद्याची गाडी, आजचे क्रियापद

नव्या रायपुरातील एका शिक्षणसंस्थेच्या फलकावर इंग्रजीत एक ओळ होती : ‘द काउंटर क्लोजेस ऑन फ्रायडे.’ आमच्या शेजारच्या मुलीने ती वाचली आणि प्रवेशाचा अर्ज घेऊन ती शनिवारी तेथे गेली. मुदत आदल्याच दिवशी संपली होती. “पण मावशी, शुक्रवारी त्यांची सुट्टी असते, असाच ना त्याचा अर्थ?” तिने रडवेल्या स्वरात विचारले. त्या एका ओळीपायी तिचे वर्ष गेले.

तिला हसणे सोपे आहे. परंतु शाळेत आपण मुलांना काय शिकवितो? साधा वर्तमानकाळ म्हणजे नित्याची क्रिया; सूर्य पूर्वेस उगवतो, इत्यादी. हाच काळ वेळापत्रकातील भविष्यही सांगतो, हे कोण सांगतो? ‘द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो’ हे अगदी शुद्ध इंग्रजी होय. दर शुक्रवारचीच गोष्ट असती, तर बहुधा ‘फ्रायडेज’ असे अनेकवचन आले असते. मनुष्याचा स्वतःचा ठरलेला बेत असेल तर ‘आय अ‍ॅम लीव्हिंग टुमॉरो’. मात्र ‘इट रेन्स टुमॉरो’ म्हणता येत नाही. पावसाचे वेळापत्रक कोणी छापलेले नसते!

यात इंग्रजांचा विक्षिप्तपणा नाही. जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचे निराळे रूपच नव्हते, वर्तमानावरच भागे. ‘विल’ म्हणजे मुळात इच्छा आणि ‘शॅल’ म्हणजे देणे लागणे. ही क्रियापदे पुढे साहाय्यक झाली. आपल्याकडे पाणिनीनेही वर्तमानाच्या निकटच्या काळासाठी वर्तमानाचे प्रत्यय विकल्पाने मान्य केले आहेत. आणि आपण? ‘मी उद्या येतो’ म्हणून वचन देतो. निघताना पाहुणा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. घाई असली तर ‘हा आलोच!’ म्हणून थेट भूतकाळातच जाऊन बसतो.

भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ मध्ये रतनपुरास कारभार हाती घेतला. या घरांतील मुले हिंदी आणि मराठी दोन्हींत वाढतात. हिंदीत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्याही. तेव्हा कोणता दिवस ते क्रियापदानेच कळावयाचे. मराठीत ‘उद्या’ हा शब्दच सारा भार उचलतो, म्हणून क्रियापदाला थोडी मोकळीक मिळते.

खरी अडचण मात्र जोडवाक्यात येते. ‘तो येईल तेव्हा सांगेन’ यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो, आणि तसेच ‘व्हेन ही विल कम’ लिहितो. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अन्टिल’ यांच्यामागून भविष्याची गोष्ट वर्तमानातच येते : ‘व्हेन ही कम्स’. गंमत अशी की ‘तो आला तर सांगेन’ यात आपलाही भूतकाळ भविष्याचे काम करतो, पण ते आपल्या ध्यानात येत नाही.

परवा त्या मुलीने पुढील वर्षाच्या प्रवेशाविषयी संस्थेस लिहावयाचे पत्र मला दाखविले. ‘व्हेन द काउंटर विल ओपन, प्लीज इन्फॉर्म मी.’ मी ‘विल’ खोडला आणि ‘ओपन’ला ‘एस’ जोडला. शुक्रवारपाशी तारीखही विचारून घे, असे तिला सांगितले. ती म्हणाली, “येते हं, मावशी.”