आमच्या गावात अ‍ॅमेझॉनचं पाणी

मंडळी, या रविवारी माशांबद्दल. आधीच सांगून टाकतो: औरंगाबादेत (बरं बाबा, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगरात) अरोवाना किंवा ऑस्करसाठी आरओ मशीन लावून 'मऊ पाणी' बनवणं मला शुद्ध येडेपणा वाटतो. पाण्याचाही नास, आणि बऱ्याचदा माशाचाही.

लोक हे का करतात ते कळतं. हे मासे अ‍ॅमेझॉनचे, तिथल्या पाण्यात क्षार जवळपास नाहीत. आपण बसलोय दख्खनच्या काळ्या पाषाणावर. बोअरचं पाणी इतकं जड की गीझरच्या कॉइलवर पांढरे थर चढतात. दुकानदार म्हणतो, साहेब, आरओच टाका.

आता हिशोब बघा. चांदी अरोवाना वाढून तीन फुटांचा होतो. त्याला सहा बाय अडीच बाय दोनची टाकीही तशी कमीच, पण तेवढी धरली तरी ८०० लिटर. आठवड्याला पाव पाणी बदललं तर २०० लिटर. घरगुती आरओ एक लिटरमागे तीन लिटर फेकतो असं धरा, म्हणजे एकूण ८०० लिटर गेलं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष. म्हणजे एका माणसाचं सहा दिवसांचं पाणी, दर आठवड्याला, एका माशापायी! ज्या शहरात २०२२ च्या मे महिन्यात पाण्यासाठी मोर्चा निघाला, तिथे हे मला पटत नाही. फेकलेल्या पाण्याने फरशी पुसतो म्हणणारे भेटतात. ६०० लिटरने किती फरश्या पुसणार?

पण समजा पाणी फुकट आहे. तरीही माझा विरोधच. शिकारी मासा मांस खातो, घाणही तशीच करतो. त्याच्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू ते करताना पाण्यातले बायकार्बोनेट खाऊन टाकतात. निव्वळ आरओच्या पाण्यात ते नसतातच, म्हणजे बफर शून्य. पीएच हळूहळू घसरतो, जिवाणू सुस्तावतात, अमोनिया साठत जातो. आम्लात तो फारसा विषारी नसतो, म्हणून मासा वरून ठणठणीत दिसतो. मग एक दिवस आरओ बंद पडतो, घाईत टँकरचं बोअरचं पाणी ओतलं जातं, पीएच सहावरून आठवर. विषारी अमोनियाचा वाटा जवळपास शंभरपट! सकाळी मासा उलटा. आणि आपण म्हणतो, जड पाण्याने मेला.

माझं मत असं की टाकीत जन्मलेल्या ऑस्कर-अरोवानाला जायकवाडीचं नळाचं पाणी चालतं. बदलू नका, स्थिर ठेवा. नळ रोज येत नाही हे इथे पथ्यावरच पडतं. उघड्या ड्रममध्ये दोन दिवस हवा मारून ठेवलं की क्लोरीन उडून जातो, घाई असेल तर हायपोचे खडे आहेतच (फोटो धुणाऱ्यांना आठवतील). टीडीएसच्या पेनवर जाऊ नका, ते सगळे क्षार एकत्र मोजतं, बफर किती उरलाय ते सांगत नाही. त्यासाठी केएचचं थेंबांचं किट घ्या. आणि सोसायटीच्या सॉफ्टनरचं पाणी म्हणजे मऊ पाणी नव्हे. त्यात कॅल्शियम काढून सोडियम घातलेलं असतं. साबणाला फेस येतो, एवढंच.

पिल्लंच काढायची असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा मऊ पाणी खरंच लागतं, आणि ते आकाशातून येतं. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुवायला सोडून द्या. नंतर १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पडला तरी हजार लिटरच्या आसपास. मात्र नुसतं वापरू नका, नळाचं मिसळा, नाहीतर पुन्हा बफर शून्य. देशी बदामाची वाळलेली पानं टाकली की पाणी चहासारखं दिसतं, छान वाटतं. पण बोअरच्या पाण्यात ती पोतंभर टाकली तरी पीएच ढिम्म हलत नाही :)