गाडी रात्री आहे, दुपार मोकळी आहे

विमान बदलताना मधल्या सहा तासांत परदेशी शहर पाहून आलेल्या भाच्याचं घरात कोण कौतुक! आम्हा अहेरीकरांचं विमानतळ म्हणजे बल्लारशाह स्टेशन. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत एसटी दुपारी टेकते आणि दक्षिणेची गाडी रात्री. मधला वेळ माणसं बॅगेवर डोकं ठेवून घालवतात. स्टेशन देखणं आहे, मान्य. भिंतींवरच्या ताडोबाच्या चित्रांना 2018 साली रेल्वेचं बक्षीसही मिळालं. पण चित्रातला वाघ किती वेळ बघणार?

माझं म्हणणं, सामान ओळखीच्या दुकानात टाका आणि चंद्रपूरची बस पकडा. अंचलेश्वर गेटपाशी उतरा. मान वर केलीत की हत्तीवर झेपावलेला सिंह दिसेल, ती गोंड राजांची खूण. शेजारी राणी हिराईनं नवऱ्यासाठी, बीरशाहसाठी बांधलेली समाधी. बायकोनं नवऱ्यासाठी उभारलेली अशी वास्तू किती जणांना ठाऊक आहे? आग्र्याला मात्र सगळे जाऊन येतात. शहराच्या परकोटावरची झाडंझुडपं 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या पोरांनी श्रमदानातून काढली, म्हणून आज तटावर पाय तरी ठेवता येतो. महाकालीचं देऊळही जवळच. चैत्रात मात्र यात्रेच्या गर्दीत शिरू नका, गाडी चुकेल.

मे महिन्यात तर उन्हं उतरल्याशिवाय स्टेशन सोडूच नका. चंद्रपूरला जाण्याइतका वेळ नसेल तर इथेच बल्लारपूरचा किल्ला आहे, वर्धा नदीच्या काठावर. त्याची वाट दाखवणारी एक ठसठशीत पाटी फलाटावर लावायला असा काय खर्च येतो?